हॉस्टेल, शाळा, दवाखान्यातलं पेस्ट कंट्रोल: ठेका कसा चालतो आणि मोबाईलवर तो कसा तपासायचा?

घरात झुरळं झाली की आपण दुकानातून जेलची ट्यूब आणतो, ओट्याखाली चार ठिपके लावतो आणि विषय संपतो. पण तुम्ही हॉस्टेलला राहत असाल, आयटीआयला जात असाल, आईला घेऊन ग्रामीण रुग्णालयात जात असाल, तर तिथली झुरळं, ढेकूण, उंदीर हा तुमच्या हातातला विषय नसतो. तिथं ठेका असतो. कुणीतरी टेंडर काढतं, कुणीतरी भरतं, महिन्यातून एकदा पाठीवर पंप अडकवून दोन माणसं येतात, वास सोडून जातात, आणि भिंतीवरच्या कागदावर सही होते. ढेकूण मात्र तिथंच असतात.

हा ठेका सरकारी पैशांतून, म्हणजे आपल्याच पैशांतून चालतो आणि त्याची बरीचशी माहिती मोबाईलवर बघता येते. ती कुठं असते, कशी वाचायची आणि फवारलेलं औषध खोलीत मारण्यासारखं आहे का हे कसं ओळखायचं, ते आज बघू. उदाहरणं जास्त करून आपल्या जालना जिल्ह्यातली घेतोय, कारण मी इथलाच. पण नियम सगळीकडे तेच आहेत.

आधी मंत्रालयातल्या उंदरांची गोष्ट

मार्च २०१८. विधानसभेत एकनाथ खडसे उभे राहिले आणि त्यांनी मंत्रालयातल्या उंदरांचा हिशोब मांडला. त्यांचं म्हणणं असं, की मंत्रालयात ३,१९,४०० उंदीर असल्याचं कागदावर आहे, ते मारायचा ठेका दिला गेला आणि हे काम सात दिवसांत झालं असंही कागदच सांगतोय. मोबाईलचा कॅल्क्युलेटर काढा. ३,१९,४०० भागिले ७ म्हणजे दिवसाला साधारण ४५,६२८ उंदीर. दिवसाची मिनिटं १,४४०. म्हणजे रात्रंदिवस न थांबता मिनिटाला ३१ पेक्षा जास्त उंदीर! सभागृहात हशा झाला, दुसऱ्या दिवशी देशभरातल्या पेपरांत बातमी आली.

नंतर सरकारकडून खुलासा आला: तो आकडा उंदरांचा नाही, उंदीर मारायच्या गोळ्यांचा आहे.

बरं, मान्य. पण मला या प्रकरणातलं राजकारण बाजूला ठेवून एक वेगळीच गोष्ट खटकते. गोळ्या ३,१९,४०० ठेवल्या, हे कागदाने सांगितलं. मग उंदीर किती कमी झाले? फायली कुरतडणं थांबलं का? गोळ्यांचा आकडा हा कामाचा आकडा नाही, तो खर्चाचा आकडा आहे. 'किती औषध वापरलं' आणि 'किती कीड उरली' या दोन वेगळ्या रकान्यांतल्या गोष्टी आहेत. आपल्याकडच्या बहुतेक ठेक्यांत दुसरा रकानाच नसतो. सगळी गडबड इथंच आहे, आणि पुढचं सगळं वाचताना हे डोक्यात ठेवा.

ठेका मोबाईलवर कुठं दिसतो?

सरकारी खरेदीसाठी केंद्र सरकारने ऑगस्ट २०१६ मध्ये 'गव्हर्नमेंट ई-मार्केटप्लेस' नावाचं पोर्टल सुरू केलं. सगळे त्याला 'जेम' म्हणतात. पंखा, खुर्ची, संगणकापासून सफाई कामगारांपर्यंत सगळं तिथं मागवलं जातं. सेवांच्या यादीत 'पेस्ट अँड ॲनिमल कंट्रोल सर्व्हिस' नावाचा एक प्रकार आहे. केंद्राची कार्यालयं, बँका, रेल्वे, विद्यापीठं यांची पेस्ट कंट्रोलची टेंडरं बऱ्याचदा या नावाने निघतात. राज्य सरकारच्या ई-निविदा 'महाटेंडर्स' या वेबसाईटवर असतात.

दोन्हीकडे नुसतं बघायला लॉगिन लागत नाही. जेमवर 'बिड्स' मध्ये जा, शोधायच्या जागी 'पेस्ट' टाका. प्रगत शोधमध्ये खात्यानुसार आणि ठिकाणानुसार शोधायचीही सोय आहे. प्रत्येक बिडला एक नंबर असतो, त्यावर टॅप केलं की पीडीएफ उघडते. चाळीस-पन्नास पानं असली तरी घाबरू नका, त्यातली बरीच पानं सगळ्याच टेंडरांना सारखी असतात. तुम्ही फक्त एवढं शोधा: इमारतीचं क्षेत्रफळ किती चौरस फूट, कोणकोणत्या किडींसाठी, महिन्यातून किती वेळा, ठेका किती महिन्यांचा आणि काम नाही केलं तर दंड किती. टेंडर उघडून झालं की कोण कोण आलं आणि सगळ्यात कमी दर कुणाचा, हेही निकालात दिसतं. सगळ्यात कमी दरवाल्याला सरकारी भाषेत 'एल-वन' म्हणतात. ऑफिसात हा शब्द सारखा कानावर पडेल.

आता खरं सांगायचं तर तालुक्याच्या ठिकाणचं छोटं वसतिगृह किंवा शाळा इथं सापडेलच असं नाही. लहान रकमेचं काम असेल तर स्थानिक पातळीवर दरपत्रकं मागवून दिलं जातं. काही ठिकाणी पेस्ट कंट्रोल हे वेगळं कामच नसतं, साफसफाईच्या मोठ्या ठेक्यातली ती एक ओळ असते. अशा वेळी माहिती अधिकाराचा अर्ज करावा लागतो, त्याचा नमुना शेवटी दिलाय.

सहा मिनिटांची खोली

टेंडर सापडलं की एक साधं गणित करून बघा. मी हे नेहमी करतो आणि दहातल्या नऊ शंका तिथंच मिटतात.

समजा साठ खोल्यांचं हॉस्टेल आहे. महिन्यातून एकदा दोन माणसं येतात आणि तीन तासांत काम उरकून जातात. दोन माणसांचे तीन तास म्हणजे ३६० मिनिटं. भागिले साठ खोल्या. खोलीला सहा मिनिटं! त्यातच जिने चढणं, दार वाजवणं, पंपात पाणी भरणं सगळं आलं. मेस, संडास, पाण्याची टाकी तर मोजलीच नाही.

सहा मिनिटांत झुरळांचं काम होऊ शकतं, कारण जेलचे ठिपके पटापट लावता येतात. ढेकणांचं मात्र होऊच शकत नाही. ढेकूण पलंगाच्या जोडात, स्क्रूच्या भोकात, गादीच्या शिवणीत, स्विचबोर्डच्या मागे बसतो. ते सगळं उघडून बघायला एका पलंगालाच सहा मिनिटं कमी पडतात. मग माणूस काय करतो? खोलीच्या मधोमध उभा राहून फरशीवर फवारा मारतो आणि पुढच्या खोलीत जातो. त्याला मी दोष देत नाही. दर इतका खाली पाडून घेतलेला असतो की मालकाने त्याला तेवढाच वेळ दिलेला असतो. दोष टेंडर बनवताना झालाय: क्षेत्रफळ लिहिलं, वेळ लिहिलाच नाही.

फोटो आला म्हणजे काम झालं?

आजकाल ठेकेदार पुरावा म्हणून व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकतात. खाली कोपऱ्यात नकाशा, तारीख, अक्षांश-रेखांश. साहेब खूश. पण तुम्ही मोबाईल वापरणारी पिढी आहात, तुम्हाला हे कळलंच पाहिजे.

असा शिक्का मारणारी ॲप्स फोनकडून लोकेशन विचारतात आणि ते फोटोवर छापतात. अँड्रॉइडच्या डेव्हलपर सेटिंगमध्ये 'मॉक लोकेशन' नावाची सोय असते. ती ॲप बनवणाऱ्यांच्या चाचणीसाठी आहे, पण तिच्या जोरावर परतूरला बसून जालन्याचं लोकेशन दाखवता येतं. तारखेचंही तसंच, फोनची वेळ बदलली की झालं. म्हणजे फोटोवर छापलेली अक्षरं हा पुरावा नाही, ती नुसती अक्षरं आहेत.

फोटोच्या फाईलच्या पोटात आणखी एक माहिती लपलेली असते, तिला 'एक्झिफ' म्हणतात. कोणता फोन, किती वाजता, लोकेशन चालू असेल तर कुठं. गॅलरीत फोटो उघडून 'तपशील' वर टॅप केलं की दिसते. पण व्हॉट्सॲपवर फोटो 'फोटो' म्हणून पाठवला की ही माहिती गळून पडते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तरच ती टिकते. त्यामुळे ग्रुपवर आलेल्या फोटोची तारीख तपासायला गेलात तर हाती काही लागणार नाही. एक्झिफही बदलता येतं ही गोष्ट वेगळी, पण तेवढा खटाटोप करणारे कमी.

मग काय बघायचं? एकच फोटो दर महिन्याला फिरतोय का ते बघा. गेल्या तीन महिन्यांचे फोटो शेजारी ठेवा. तोच पलंग, तीच दोरीवरची चादर, तोच टॉवेल? आमच्याकडे एका ठिकाणी पोरांनी हे केलं आणि जानेवारीच्या फोटोत खिडकीबाहेर भर पावसाळ्यातलं हिरवंगार गवत निघालं!

बाटलीवरचा त्रिकोण

माझी मावसबहीण जिल्ह्यातल्या एका वसतिगृहात राहते. मागच्या पावसाळ्यात तिचा मेसेज आला: "दादा, आमच्या खोलीत हे मारलंय. रात्री झोपू का इथं?" सोबत बाटलीचा फोटो. मी झूम करून बघितलं. सायपरमेथ्रिन २५ टक्के ईसी. पिवळा त्रिकोण. आणि वापरायच्या जागी पिकांची नावं: कापूस, भेंडी, वांगी.

म्हणजे कपाशीवरचं औषध पोरींच्या खोलीत मारलं होतं.

आपल्या भागात हे सहज होतं. जालना जिल्हा कपाशीचा, प्रत्येक गावात कृषी सेवा केंद्र, औषध हाताशी आणि स्वस्त. ठेकेदाराला वाटतं, कीटकनाशक ते कीटकनाशक. पण तसं नसतं. सायपरमेथ्रिन घरातल्या किडींसाठीही वापरतात, पण त्यासाठी नोंदणी झालेलं उत्पादन, त्याचं प्रमाण, त्याचं लेबल वेगळं असतं. 'ईसी' म्हणजे तेलकट द्रावकात विरघळवलेलं औषध. पाण्यात टाकलं की दुधासारखं पांढरं होतं. उघड्या शेतात त्याचा वास उडून जातो. बंद खोलीत द्रावकाची वाफ डोळ्यांना, घशाला झोंबते, डोकं दुखतं, दम्याचा त्रास असलेल्याला धाप लागते. मोकळ्या शेतातसुद्धा ही औषधं किती जिवावर उठू शकतात हे २०१७ मध्ये यवतमाळने बघितलं. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात भरती झाले.

मी बहिणीला सांगितलं, आज त्या खोलीत झोपू नका, खिडक्या उघड्या ठेवा, गादी-चादरी उन्हात टाका, फरशी साबणाच्या पाण्याने पुसून घ्या आणि बाटलीचा फोटो गृहपालांना दाखवा. त्यांनी तो दाखवला. पुढच्या वेळी औषध बदलून आलं, भांडण करावं लागलं नाही.

आता तो त्रिकोण समजून घ्या. भारतात कीटकनाशकांसाठी १९६८ चा कायदा आणि १९७१ चे नियम आहेत. प्रत्येक डब्यावर शंकरपाळ्यासारखा एक चौकोन छापावा लागतो. वरच्या अर्ध्या भागात इशारा, खालच्या अर्ध्या भागात रंग. लाल म्हणजे अतिविषारी, त्यावर कवटी असते. पिवळा त्याखालोखाल. मग निळा, मग हिरवा. हे रंग उगाच नाहीत. प्रयोगातल्या प्राण्यांपैकी निम्मे मरायला वजनाच्या दर किलोमागे किती मिलिग्रॅम औषध पोटात जावं लागतं, त्यावर ते ठरतात. लाल ५० पर्यंत, पिवळा ५१ ते ५००, निळा ५०१ ते ५०००, हिरवा त्याच्या पुढे. आकडा जितका लहान तितकं विष जहाल. आणि हिरवा म्हणजे 'निर्धोक' नाही, हे मनात पक्कं करा.

फोटो काढताना त्रिकोणासोबत आणखी चार गोष्टी येऊ द्या: औषधाचं शास्त्रीय नाव आणि टक्केवारी, नोंदणी क्रमांक, मुदत संपायची तारीख आणि विषबाधा झाल्यास करायचे उपचार. अक्षरं बारीक असतात. गूगल लेन्सने मजकूर उचला, मराठीत भाषांतर करून घ्या. बाटलीवर लेबलच नसेल, बिसलरीच्या बाटलीत पिवळट पाणी आणलं असेल, तर मात्र सरळ थांबवा. बिनालेबलचं औषध हे औषध नाहीच.

नावात 'डायक्लोरव्हॉस' दिसलं तर तेही थांबवा. 'नुवान' या नावाने हे आपल्याकडे वर्षानुवर्षं झुरळांवर, ढेकणांवर मारलं गेलं. त्याची झटपट मरतूक दिसायची, म्हणून लोकांना आवडायचं. २०१८ च्या आदेशाने सरकारने त्याच्यावर ३१ डिसेंबर २०२० पासून पूर्ण बंदी घातलीय. तरी "जुनं चांगलं होतं" म्हणणारे अजून भेटतात.

आणि रिकामा डबा. हा तर सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. १६ जुलै २०१३ ला बिहारच्या सारण जिल्ह्यात गंडामन गावच्या शाळेत माध्यान्ह भोजन खाऊन २३ मुलं गेली. तपासात जेवणाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस निघालं, हे शेतीतलं कीटकनाशक. शाळेच्या, मेसच्या आवारात औषधाचा भरलेला किंवा रिकामा डबा राहता कामा नये. ठेकेदाराने आणलेलं ठेकेदाराने परत न्यायचं. टेंडरमध्ये ही ओळ आहे का, जरूर बघा.

कोणत्या किडीला काय, हे थोडक्यात

झुरळांना जेल. झुरळ ते खातं, फटीत जाऊन मरतं, त्याची विष्ठा आणि मढं खाऊन बाकीचीही मरतात. जेलवर किंवा शेजारी फवारा मारला तर झुरळं त्या वासाने दूर पळतात आणि जेलला तोंडच लावत नाहीत. एकाच दिवशी दोन्ही करणारा माणूस पैसे दोन्हीचे घेतो आणि काम एकाचंही होत नाही. स्वयंपाकघरातल्या छोट्या तपकिरी झुरळाच्या एका अंडकोशात तीस-चाळीस अंडी असतात, म्हणून दोन-चार आठवड्यांनी पुन्हा येऊन बघणं गरजेचं आहे.

ढेकणांचं वर आलंच. बाजारातल्या नेहमीच्या औषधांना ढेकूण बऱ्यापैकी सरावलेत, पण उष्णतेला नाही. आजीच्या काळात खाटेच्या जोडांवर उकळतं पाणी ओतायचे, ते शास्त्राला धरूनच होतं. पन्नास अंशांच्या पुढे ढेकूण आणि अंडी दोन्ही टिकत नाहीत. लोखंडी पलंगाला आजही हे करता येतं, फक्त हात सांभाळा.

उंदरांसाठी चांगला ठेकेदार आधी भोकं बुजवतो. पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून छोटा उंदीर आत येतो. विषाच्या वड्या उघड्यावर टाकायच्या नसतात, कुलूपबंद डब्यात ठेवायच्या. डब्यावर नंबर आणि शेवटच्या तपासणीची तारीख, आणि इमारतीच्या नकाशावर तो नंबर. ब्रोमाडायोलोनसारख्या विषाने उंदीर लगेच मरत नाही, तीन-चार दिवस लागतात. म्हणून "गोळ्या ठेवल्या, काम झालं" असं म्हणून चालत नाही. मेलेले उंदीर शोधून उचलणं हेही कामच आहे.

डास म्हटलं की लोकांना धूर हवा असतो. धुराने त्या क्षणी उडत असलेले डास मरतात. पाण्यातल्या अळ्यांना काही होत नाही. जालन्यात नळाला पाणी बऱ्याच दिवसांनी येतं, म्हणून प्रत्येक इमारतीत ड्रम, हौद, टाक्या भरलेल्या असतात. डेंग्यूचा डास नेमका असल्या स्वच्छ साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवा डास तयार होतो. आरोग्य खातं आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळा म्हणतं ते यासाठीच. याला ठेकेदार लागत नाही.

वाळवीचं काम वेगळं असतं, भिंत आणि फरशीच्या जोडावर साधारण फुटाफुटावर छिद्रं पाडून आत औषध सोडतात. छिद्रंच दिसली नाहीत तर बिल कशाचं, हे विचारा.

सल्फासची गोळी: इथं गंमत नाही

जालना म्हणजे बियाण्यांचं गाव. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी इथं महिको सुरू केली, तेव्हापासून बियाण्यांचा धंदा इथं वाढला. त्याच्यामागे गोदामं आली. गोदामातल्या पोरकिड्यांसाठी ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या वापरतात, ज्यांना लोक 'सल्फास' म्हणतात. ताडपत्री घट्ट झाकून, सगळ्या कडा बंद करून, दिवस मोजून हे काम चालतं. तिथं ते बरोबर आहे.

पण माणसं राहतात त्या इमारतीत ही गोळी कधीच, कधीच ठेवायची नाही. हवेतल्या दमटपणाने ती फॉस्फीन वायू सोडते. तीन ग्रॅमची एक गोळी साधारण एक ग्रॅम वायू देते. हा वायू दाराखालून, भिंतीच्या फटीतून शेजारच्या खोलीत जातो आणि झोपलेल्या माणसाला कळतही नाही. याला उतारा नाही. डॉक्टर फक्त शरीर सांभाळू शकतात. कायद्याने ही गोळी सरकारी संस्था किंवा परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाल्यांनीच, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली वापरायची असते. "ढेकणांवर जालीम उपाय आहे" म्हणत कुणी हॉस्टेलच्या खोलीत ठेवून दार लावत असेल, तर आजूबाजूच्या सगळ्या खोल्या रिकाम्या करा आणि कुणाला मळमळ, छातीत जडपणा, चक्कर असेल तर १०८ ला फोन लावा. आधी फोन, मग चौकशी.

धुरी देणाऱ्या माणसाची पात्रताही नियमांत लिहिलेली आहे. कृषी किंवा रसायनशास्त्र घेऊन विज्ञानाची पदवी आणि मान्य संस्थेतलं किमान पंधरा दिवसांचं प्रशिक्षण, जसं म्हैसूरची सीएफटीआरआय किंवा हैदराबादची वनस्पती आरोग्य संस्था. परवाना कृषी खात्याचा असतो. ठेकेदाराकडे तो मागायला लाजू नका. दुकानाचं शॉप ॲक्ट लायसन्स म्हणजे हा परवाना नव्हे.

डास पळवणारं ॲप?

प्ले स्टोअरवर 'डास पळवा', 'उंदीर पळवा' अशी ॲप्स ढिगाने आहेत. म्हणे मोबाईल न ऐकू येणारा आवाज काढतो. फोनचा छोटा स्पीकर वीस-बावीस किलोहर्ट्झच्या वर काही काढूच शकत नाही, आणि तसल्या आवाजाने डास पळतात याला पुरावाही नाही. प्लगला लावायच्या अल्ट्रासॉनिक यंत्रांबद्दल तर अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २००१ मध्येच साठहून जास्त कंपन्यांना इशाऱ्याची पत्रं पाठवली होती. ॲप जाहिराती दाखवतं, तुमची बॅटरी खातं. डास तुम्हाला खातो.

दवाखान्यात विचारायचं ते

ज्याला पळता येत नाही त्याच्यासाठी उंदीर ही चेष्टा नाही. जून २०२१ मध्ये मुंबईत घाटकोपरच्या राजावाडी रुग्णालयात अतिदक्षता विभागातल्या एका तरुण रुग्णाला डोळ्याजवळ उंदराने कुरतडलं, नंतर तो गेला. २०२५ च्या ऑगस्टअखेरीस इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात दोन बाळांना उंदीर चावले, दोन्ही बाळं दगावली. रुग्णालयाने मृत्यूचं कारण इतर आजार सांगितलं, पण पेस्ट कंट्रोलचा ठेका असलेल्या कंपनीला दंड झाला. म्हणजे ठेका होता. महिन्याचं बिलही निघत असणार.

सरकारी दवाखान्यांसाठी २०१५ पासून 'कायाकल्प' नावाची स्वच्छतेची स्पर्धा आहे. तिच्या तपासणी यादीतला अगदी पहिलाच मुद्दा कीड आणि प्राणी नियंत्रणाचा आहे. मोकाट जनावरं आवारात आहेत का, पेस्ट कंट्रोल झाल्याची नोंद आहे का, वाळवीवर उपाय केला का, डासांचं काय, हे सगळं त्यात बघतात. अंबड असो की मंठा, सरकारी रुग्णालयात "कायाकल्पच्या यादीतली पेस्ट कंट्रोलची नोंद दाखवता का?" असं विचारलं तर समोरच्याला लगेच कळतं की विचारणाऱ्याला विषय माहीत आहे. हॉस्टेलच्या मेससाठी अन्नसुरक्षेचे नियम लागू होतात आणि त्यातही कीड नियंत्रण येतं. तिथली तक्रार 'फूड सेफ्टी कनेक्ट' ॲपवरून करता येते.

माहिती अधिकाराचा अर्ज

महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत लागतो. फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ. राज्याचं ऑनलाईन पोर्टल आहे, पण तुमचं छोटं कार्यालय त्या यादीत नसेल तर कागदावर लिहून १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. विषय 'पेस्ट कंट्रोल सेवेचा ठेका' आणि मजकूर असा:

"आपल्या इमारतीतील कीड नियंत्रण सेवेबाबत मागील १२ महिन्यांची पुढील माहिती द्यावी. कार्यादेशाची प्रत. ठेकेदाराच्या कीटकनाशक परवान्याची प्रत. प्रत्येक भेटीची तारीख, आलेल्या कामगारांची संख्या, येण्याची व जाण्याची वेळ. वापरलेल्या औषधांची नावे, टक्केवारी व प्रमाण. प्रत्येक भेटीनंतर शिल्लक किडींची तपासणी केली असल्यास त्याची नोंद. अदा केलेली देयके व केलेला दंड. तसेच या अभिलेखांचे प्रत्यक्ष निरीक्षण करावयाचे आहे."

शेवटचं वाक्य काढू नका. झेरॉक्सला पैसे आणि वेळ लागतो, निरीक्षणाला जाऊन फाईल समोर बसून वाचली तर अर्ध्या तासात चित्र स्पष्ट होतं. फाईलचे फोटो काढायचे असतील तर आधी तिथल्या अधिकाऱ्यांना विचारून घ्या. 'शिल्लक किडींची तपासणी' या मुद्द्यावर बहुतेक ठिकाणी "निरंक" असं उत्तर येईल. तेच उत्तर पुढच्या टेंडरच्या वेळी कामाला येतं. उत्तर तीस दिवसांत यायला हवं, नाही आलं तर त्याच कार्यालयाच्या वरच्या अधिकाऱ्याकडे पहिलं अपील.

अर्ज कधी टाकायचा, तर जानेवारी-फेब्रुवारीत. सरकारी वर्ष मार्चअखेर संपतं, बरेच ठेके एप्रिलपासून नवे होतात आणि हॉस्टेल मे महिन्यात रिकामं असतं. खोल्या रिकाम्या, उन्हाचा कडाका आणि नवा ठेकेदार, ढेकणांचं काम नीट करून घ्यायला वर्षातली हीच वेळ सगळ्यात चांगली.